हिरव्या तळ्याची परीक्षा: पाण्यातलं नत्र-स्फुरद कसं मोजावं आणि आकडे कसे वाचावेत

तळं हिरवंगार झालंय, काठाला शेवाळाची साय धरलीय, आणि प्रयोगशाळेच्या अहवालात मात्र ‘फॉस्फेट: आढळले नाही’ असं लिहून येतं. यात यंत्राचा दोष बहुधा नसतो. शेवाळाने विरघळलेलं फॉस्फेट पाण्यातून उचलून पेशींत साठवलेलं असतं, त्यामुळे मोजायला काही उरतच नाही. शेवाळ ऐन भरात असताना विरघळलेलं फॉस्फेट शून्याजवळ जाणं अपेक्षितच आहे. गाळलेल्या पाण्यात फॉस्फेट शोधणारी चाचणी अशा वेळी सगळ्यात घाण तळ्यालाही स्वच्छतेचं प्रमाणपत्र देते.

पोषकद्रव्यांच्या, म्हणजे शेवाळाला पोसणाऱ्या नत्र (नायट्रोजन) आणि स्फुरद (फॉस्फरस) यांच्या, प्रदूषणाची तपासणी फसते ती बहुतेक वेळा अशीच. चुकीचं रूप मोजलं जातं, चुकीच्या जागी किंवा चुकीच्या वेळी नमुना घेतला जातो, नाहीतर एककाचा घोळ होतो. चाचणी करण्याचं काम त्या मानाने सोपं आहे.

आधी प्रश्न पक्का करा

‘पाणी तपासून द्या’ हा प्रश्न होऊ शकत नाही. तळ्याची एकूण अवस्था जाणून घ्यायची आहे, की नत्र-स्फुरद कुठून येतं ते शोधायचं आहे, की पाणी पिण्याजोगं, पोहण्याजोगं आहे का ते ठरवायचं आहे? पहिल्यासाठी तळ्याच्या मध्यावर वर्षभर नियमित मोजणी लागते. दुसऱ्यासाठी तळ्यात येणारे ओढे-नाले मोजावे लागतात, आणि तेही पाऊस पडत असताना. तिसऱ्यासाठी नायट्रेट, विष्ठाजन्य जिवाणू आणि निळ्या-हिरव्या शेवाळाची विषं तपासावी लागतात. एकाच फेरीत तिन्ही उत्तरं मिळवायला गेलं की तिन्ही अर्धवट राहतात.

अवस्था जाणून घ्यायची असेल तर किमान एवढं मोजा: एकूण स्फुरद, एकूण नत्र, क्लोरोफिल-ए (शेवाळातलं हिरवं रंगद्रव्य), पारदर्शकता, आणि दर मीटर खोलीवरचं तापमान व विरघळलेला प्राणवायू. सामू (पीएच) आणि विद्युतवाहकता सोबत घ्याच, त्यांना वेगळे कष्ट पडत नाहीत. नायट्रेट, अमोनिया आणि विरघळलेलं फॉस्फेट यांचा खरा उपयोग ओढ्या-नाल्यांत आणि तळाजवळच्या पाण्यात होतो.

बीओडीवर, म्हणजे पाण्यातले सेंद्रिय पदार्थ कुजवताना जिवाणू किती प्राणवायू वापरतात त्या मापावर, फार भिस्त ठेवू नका. सांडपाण्यावर प्रक्रिया करून बीओडी १० मिलिग्रॅम प्रति लिटरच्या खाली आणलेल्या पाण्यातही स्फुरद काही मिलिग्रॅम असू शकतं, कारण साधी जैविक प्रक्रिया सेंद्रिय पदार्थ काढते, स्फुरद थोडंच काढते. शिवाय शेवाळयुक्त पाण्याचा बीओडी काढताना बाटली अंधारात ठेवलेली असते. तिथे शेवाळच प्राणवायू वापरतं आणि आकडा फुगतो.

कुठे आणि कधी

तळ्याचा मुख्य नमुना सगळ्यात खोल जागी घ्या. धरणाच्या जलाशयात ही जागा साधारण भिंतीजवळ असते. तिथे आणखी एक ठिकाण नदी जिथे आत शिरते त्या बाजूला हवं, कारण वरच्या टोकाला गाळ आणि पोषकद्रव्यं जास्त असतात आणि भिंतीकडे येईपर्यंत बरीच खाली बसतात. काठावरून बाटली बुडवून घेतलेला नमुना तळ्याचा नसतो, त्या काठाचा असतो. वारा ज्या बाजूला वाहतो तिथे शेवाळ गोळा होतं. समोरच्या काठावर त्याच क्षणी क्लोरोफिल कित्येक पटींनी कमी असू शकतं.

वरचा नमुना पृष्ठभागापासून अर्धा मीटर खाली घ्या. त्याहून चांगला उपाय म्हणजे नळीने घेतलेला मिश्र नमुना. २-३ सेंटीमीटर व्यासाची स्वच्छ पारदर्शक नळी, खालच्या टोकाला वजन आणि दोरी बांधलेली, हळूहळू उभी खाली सोडा. पारदर्शकतेच्या खोलीच्या (पुढे सांगितलेली सेची तबकडी दिसेनाशी होते त्या खोलीच्या) दुप्पट खोलीपर्यंत सोडली की प्रकाश पोहोचणारा थर साधारण त्यात येतो. तळ उथळ असेल तर गाळाच्या वर एक मीटर थांबा. मग वरचं टोक अंगठ्याने किंवा बुचाने बंद करा, खालचं टोक दोरीने ओढून वर घ्या आणि सगळं पाणी स्वच्छ बादलीत ओतून ढवळा. बाटल्या त्यातून भरा.

तळाचा नमुना गाळाच्या एक मीटर वरून, बंद होणाऱ्या नमुनापात्राने घ्यायचा. पात्र तळाला टेकलं आणि गाळ उडाला तर तो नमुना टाकून द्या आणि होडी थोडी सरकवून पुन्हा घ्या. उडालेला चिमूटभर गाळ एकूण स्फुरदाचा आकडा दहापट करू शकतो.

महिन्यातून एकदा, वर्षभर, हे किमान वेळापत्रक. शेवाळाच्या मोसमात दर पंधरा दिवसांनी गेलात तर उत्तम. दिवसातली वेळ ठरलेली ठेवा. सकाळी दहा ते दुपारी दोनच्या दरम्यान पारदर्शकता नीट मोजता येते. विरघळलेल्या प्राणवायूची गोष्ट मात्र वेगळी आहे. शेवाळाने भरलेल्या तळ्यात दुपारी प्राणवायू संपृक्ततेच्या दीडपट असतो आणि पहाटे त्याच जागी २ मिलिग्रॅमच्या खाली गेलेला असतो. मासे पहाटे मरतात. फक्त दुपारी मोजणाऱ्याला तळं उत्तम दिसतं. म्हणून मोसमात निदान एकदा, सूर्योदयाच्या आधी आणि त्याच दिवशी दुपारी तीनच्या सुमारास, अशी जोडमोजणी करा. दोन्ही वेळांच्या आकड्यांतला फरक हेच शेवाळाच्या भाराचं माप असतं.

बाटल्या, आम्ल आणि बर्फ

स्फुरद मायक्रोग्रॅममध्ये मोजायचं असतं, आणि कपडे-भांड्यांचे साबण, घाम, राख, धूळ या सगळ्यांत स्फुरद असतं. त्यासाठीच्या बाटल्या साबणाने धुऊ नका. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लात भिजवून ऊर्ध्वपातित पाण्याने अनेकदा खंगाळा. त्या बाटल्या दुसऱ्या कामाला वापरू नका. नायट्रेटच्या बाटल्या नायट्रिक आम्लाने धुण्याची चूकही होते. कारण उघड आहे, तरी होते.

नमुने घेतल्यावर असं करा:

एकूण स्फुरद, एकूण नत्र आणि अमोनियासाठी न गाळलेलं पाणी घ्या, गंधकाम्ल टाकून सामू २ च्या खाली आणा आणि ४ अंश सेल्सियसला ठेवा. असा नमुना २८ दिवस टिकतो.

विरघळलेल्या फॉस्फेटसाठी पाणी जागेवरच ०.४५ मायक्रॉनच्या गाळणीतून गाळा, थंड ठेवा आणि ४८ तासांत तपासा. यात आम्ल घालायचं नाही, कारण आम्लाने सेंद्रिय व कणांना चिकटलेलं स्फुरद सुटून आकडा वाढतो. आणि प्रयोगशाळेत पोहोचल्यावर गाळू असं म्हणू नका. मधल्या काही तासांत शेवाळ आणि जिवाणू उरलंसुरलं फॉस्फेट खाऊन टाकतात.

क्लोरोफिलसाठी तपकिरी किंवा फॉइल गुंडाळलेली बाटली घ्या. उन्हात राहिलेला नमुना गेलाच म्हणून समजा. शक्यतो त्याच दिवशी काचतंतूंच्या गाळणीवर गाळा, गाळणी घडी घालून फॉइलमध्ये गुंडाळा आणि गोठवा.

दर फेरीला एक कोरा नमुना असू द्या. ऊर्ध्वपातित पाणी जागेवर न्यायचं आणि बाकीच्या नमुन्यांसारखंच बाटलीत भरून, आम्ल घालून प्रयोगशाळेत द्यायचं. त्यात स्फुरद निघालं तर दोष बाटलीत, आम्लात किंवा हातात आहे. दर दहा नमुन्यांमागे एक जोडनमुनाही (त्याच पाण्याची दुसरी बाटली) द्या, आणि तो जोडनमुना आहे हे प्रयोगशाळेला सांगू नका. दोघांत २० टक्क्यांहून जास्त फरक आला तर त्या फेरीचे आकडे जपून वापरा.

वहीत वेळ, हवा, वाऱ्याची दिशा, गेल्या तीन दिवसांतला पाऊस, पाण्याची पातळी आणि पाण्याचा रंग-वास लिहा. सहा महिन्यांनी एखादा आकडा विचित्र वाटला की ही नोंदच कामी येते. होडीत एकट्याने जाऊ नका आणि लाइफ जॅकेट घाला.

जागेवरची मोजणी

पारदर्शकतेसाठी सेची तबकडी वापरतात. २० सेंटीमीटर व्यासाची, चार भागांत आलटून-पालटून काळी-पांढरी रंगवलेली, खाली वजन असलेली. इटलीचे खगोलशास्त्रज्ञ अँजेलो सेची यांनी १८६५ मध्ये समुद्रावर पांढरी तबकडी सोडून पाहिली आणि आजही तिच्याइतकं स्वस्त, भरवशाचं साधन नाही. होडीच्या सावलीच्या बाजूने, गॉगल काढून, न ताणणाऱ्या खुणेच्या दोरीने सोडा. दिसेनाशी झाली ती खोली लिहा, थोडी आणखी सोडून वर ओढा, पुन्हा दिसली ती खोली लिहा. दोहोंची सरासरी हे तुमचं माप. तबकडी तळाला टेकेपर्यंत दिसत असेल तर ‘तळापर्यंत’ असं लिहा. तो आकडा सरासरीत घ्यायचा नाही.

प्राणवायूसाठी प्रकाशीय सेन्सर असलेलं मीटर सोयीचं. जुन्या पटलाच्या मीटरला पाणी सतत हलतं लागतं. स्थिर धरलं तर ते कमी आकडा दाखवतं. दोन्ही प्रकारच्या मीटरला रोज सकाळी पाण्याच्या वाफेने भरलेल्या हवेत कॅलिब्रेट करा आणि त्या जागेचा हवेचा दाब भरा. समुद्रसपाटीला २५ अंशांवर संपृक्त पाण्यात ८.३ मिलिग्रॅम आणि ३० अंशांवर ७.६ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. उंची वाढली की हा आकडा दर १०० मीटरला एक टक्क्याहून किंचित जास्त घटतो. म्हणून मिलिग्रॅमसोबत संपृक्ततेची टक्केवारीही लिहा.

मीटर नसेल किंवा मीटरची शंका आली तर विंकलर पद्धत आहेच. १८८८ पासून ती वापरात आहे.

१. ३०० मिलिलिटरची काचेचं बूच असलेली बाटली, बुडबुडा न येऊ देता, तळापासून नळीने भरा आणि दोन-तीन बाटल्यांइतकं पाणी वरून सांडू द्या.
२. मँगनीज सल्फेट १ मिलि आणि अल्कली-आयोडाइड-अझाइड १ मिलि घाला. बूच लावून उलटसुलट करा. तपकिरी साका म्हणजे प्राणवायू आहे, पांढराशुभ्र म्हणजे नाही.
३. साका अर्ध्यापर्यंत बसला की तीव्र गंधकाम्ल १ मिलि घालून विरघळवा. रंग पिवळा-तांबूस होतो. या टप्प्यावर बाटली अंधारात काही तास ठेवता येते.
४. २०१ मिलि घेऊन ०.०२५ मोलर सोडियम थायोसल्फेटने टायट्रेट करा. रंग फिका गवती झाला की स्टार्च घाला. निळा रंग पहिल्यांदा जाईल तिथे थांबा. लागलेले मिलिलिटर म्हणजेच मिलिग्रॅम प्रति लिटर.

अझाइड विषारी आहे आणि गंधकाम्लाने कातडी जळते, तेव्हा हातमोजे आणि चष्मा हवेत. निळा रंग काही वेळाने परत येतो, त्याच्यामागे धावू नका.

सामू दुपारी ९ च्या वर दिसला तर शेवाळाने पाण्यातला कार्बन डायऑक्साइड ओढून घेतला आहे असं समजा. तिथे अमोनिया मोजलाच पाहिजे. २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियाचा जेमतेम अर्धा टक्का माशांना विषारी अशा मुक्त रूपात असतो. सामू ८ ला सुमारे ५ टक्के आणि ९ ला ३६ टक्के. सकाळी निरुपद्रवी वाटणारा अमोनिया दुपारी मासे मारतो तो यामुळे.

प्रयोगशाळेला विचारायचे प्रश्न

पहिला प्रश्न मोजमापाच्या खालच्या मर्यादेचा. तळ्यात एकूण स्फुरद लिटरला ३५ मायक्रोग्रॅमच्या पुढे गेलं की ते सुपोषी गटात जातं, म्हणजे पोषकद्रव्यं जास्त होऊन शेवाळ माजण्याच्या अवस्थेत. सांडपाणी तपासणाऱ्या प्रयोगशाळांची खालची मर्यादा अनेकदा ५० मायक्रोग्रॅम किंवा त्याहून वर असते. त्यांच्या ‘आढळले नाही’ला तळ्याच्या कामात काही अर्थ नाही. ५ मायक्रोग्रॅमपर्यंत मोजणारी प्रयोगशाळा शोधा.

दुसरा प्रश्न पाचनाचा. एकूण स्फुरदासाठी नमुना परसल्फेट घालून १२१ अंशांना ३० मिनिटं ऑटोक्लेव्हमध्ये शिजवावा लागतो, तेव्हा कणांतलं आणि सेंद्रिय स्फुरद फॉस्फेट होऊन मोकळं होतं. नंतर मॉलिब्डेट आणि अॅस्कॉर्बिक आम्लाने निळा रंग आणून ८८० नॅनोमीटरला शोषण वाचतात, रंग धरल्यापासून १० ते ३० मिनिटांच्या आत. पाचन वगळलं तर ‘एकूण’ हा शब्द खोटा. आर्सेनेटही तसाच निळा रंग देतं, हे भूजलाच्या नमुन्यांत लक्षात ठेवा. नमुना गढूळ असेल तर गढूळपणाची वजाबाकी केली का तेही विचारा.

तिसरा आणि सगळ्यात जास्त नुकसान करणारा प्रश्न एककाचा. ‘नायट्रेट १०’ म्हणजे नायट्रेट म्हणून १०, की त्यातलं नत्र म्हणून १०? दोहोंत ४.४३ पटींचा फरक आहे. नायट्रेटला ४.४३ ने, फॉस्फेटला ३.०७ ने आणि अमोनियमला १.२९ ने भागलं की शुद्ध नत्र किंवा स्फुरद मिळतं. पिण्याच्या पाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा नायट्रेट म्हणून ५० मिलिग्रॅम प्रति लिटर आहे, म्हणजे नत्र म्हणून ११.३. ही मर्यादा बाटलीने दूध पिणाऱ्या तान्ह्या बाळांच्या रक्तावर होणाऱ्या परिणामावरून ठरलेली आहे. पाणी उकळून नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटलं की ते दाट होतं. तुमच्या तक्त्याच्या मथळ्यात ‘नत्र म्हणून’, ‘स्फुरद म्हणून’ असं प्रत्येक स्तंभाला लिहा.

मत्स्यालयाच्या किटबद्दल: फॉस्फेटच्या किटवर शून्यानंतरची पहिली रंगखूण ०.२५ मिलिग्रॅमची असेल, तर ती स्फुरद म्हणून ८१ मायक्रोग्रॅम होते. तो रंग दिसेपर्यंत तळं सुपोषी होऊन गेलेलं असतं. अशी किट नाल्यांचा माग काढायला चांगली. तळ्याच्या मध्यावर ती वापरू नका.

अहवाल हातात आला की आधी साधी बेरीज करून पाहा. विरघळलेलं फॉस्फेट एकूण स्फुरदापेक्षा जास्त असू शकत नाही. नायट्रेट, नायट्राइट आणि अमोनिया यांतल्या नत्राची बेरीज एकूण नत्राच्या वर जाऊ शकत नाही. भाग पूर्णापेक्षा मोठा निघाला की एकक किंवा नमुना चुकला आहे.

क्लोरोफिल स्वतः काढणार असाल तर गाळणी ९० टक्के अॅसिटोनमध्ये कुटून, अंधारात थंड जागी काही तास ठेवून, अर्क सेंट्रिफ्यूज करा. ६६४ नॅनोमीटरला शोषण वाचा, क्युव्हेटमध्ये (शोषण वाचायच्या छोट्या कुपीत) सौम्य हायड्रोक्लोरिक आम्ल घालून ९० सेकंद थांबा आणि ६६५ ला पुन्हा वाचा. दोन्ही वेळी ७५० चं शोषण वजा करा, ते गढूळपणाचं असतं. मग:

क्लोरोफिल-ए (मायक्रोग्रॅम प्रति लिटर) = २६.७ × शोषणातला फरक × अर्काचे मिलिलिटर ÷ (गाळलेलं पाणी लिटरमध्ये × क्युव्हेटची लांबी सेंटीमीटरमध्ये)

अर्धा लिटर पाणी, १० मिलि अर्क, १ सेंटीमीटरचं क्युव्हेट आणि फरक ०.०६० असेल तर उत्तर ३२. आम्लाची पायरी वगळू नका. मेलेल्या शेवाळातलं कुजकं क्लोरोफिल तिच्यामुळेच बाजूला होतं.

तीन आकडे एकत्र वाचा

ओईसीडीने (आर्थिक सहकार्य आणि विकास संघटनेने) १९८२ मध्ये दिलेल्या वार्षिक सरासरीच्या सीमा आजही वापरतात. एकूण स्फुरद १० मायक्रोग्रॅमच्या खाली असेल तर तळं अल्पपोषी, १० ते ३५ मध्यमपोषी, ३५ ते १०० सुपोषी, त्यापुढे अतिसुपोषी. क्लोरोफिलसाठी याच सीमा २.५, ८ आणि २५ मायक्रोग्रॅम, तर पारदर्शकतेसाठी ६, ३ आणि १.५ मीटर.

पण खरी गंमत अमेरिकी सरोवरतज्ज्ञ रॉबर्ट कार्लसन यांच्या १९७७ च्या पोषणस्थिती निर्देशांकात आहे. त्यात तिन्ही मोजमापं एकाच मोजपट्टीवर येतात (लॉगरिदम नैसर्गिक घ्यायचा):

पारदर्शकतेवरून (मीटर): ६० − १४.४१ × लॉग
क्लोरोफिलवरून (मायक्रोग्रॅम प्रति लिटर): ९.८१ × लॉग + ३०.६
एकूण स्फुरदावरून (मायक्रोग्रॅम प्रति लिटर): १४.४२ × लॉग + ४.१५

पारदर्शकता १ मीटर, क्लोरोफिल २० आणि स्फुरद ४८ असेल तर तिन्ही उत्तरं ६० येतात. असं तळं सुपोषी आहे, आणि पाणी शेवाळानेच हिरवं आहे. दहा अंक वाढले म्हणजे पारदर्शकता निम्मी झाली.

बरेच जण इथे तिन्ही उत्तरांची सरासरी काढून एक आकडा छापतात. तसं करू नका, कारण सगळी माहिती त्यांच्यातल्या तफावतीत असते. समजा स्फुरद ९०, पारदर्शकता ०.६ मीटर आणि क्लोरोफिल १२ आहे. निर्देशांक अनुक्रमे ६९, ६७ आणि ५५ येतात. पाणी गढूळ आहे, स्फुरद भरपूर आहे, पण त्या मानाने शेवाळ कमी. म्हणजे गढूळपणा मातीचा आहे. स्फुरद मातीच्या कणांना चिकटलेलं आहे आणि उजेड आत जात नसल्याने शेवाळाची वाढ अडलेली आहे. इथे आधी जमिनीची धूप थांबवायला हवी. त्याच वेळी हेही ध्यानात ठेवा की माती खाली बसली आणि उजेड आत गेला की हेच तळं हिरवं होईल. उलट क्लोरोफिल आणि पारदर्शकता यांचे निर्देशांक जुळतात पण स्फुरदाचा खाली आहे, असं दिसलं तर स्फुरदाचाच तुटवडा आहे आणि ते कमी केल्यास फरक लवकर दिसेल. क्लोरोफिलचा निर्देशांक पारदर्शकतेच्या वर असेल तर शेवाळाचे मोठे पुंजके आहेत. ते क्लोरोफिल भरपूर देतात पण मधल्या मोकळ्या पाण्यातून तबकडी दिसते. निळ्या-हिरव्या शेवाळात हे अनेकदा घडतं.

नत्र आणि स्फुरद यांतलं कमी कोणतं पडतं, ते एकूण नत्र भागिले एकूण स्फुरद, वजनाच्या गुणोत्तरावरून ढोबळ ठरवतात. १० च्या खाली नत्राचा तुटवडा संभवतो, १७ च्या वर स्फुरदाचा. मधे असेल तर दोन्ही. दोन्ही अफाट प्रमाणात असतील तर गुणोत्तराला अर्थ उरत नाही. तिथे उजेडच अपुरा पडतो. खात्री करायची असेल तर तळ्याचं पाणी बारा पारदर्शक बाटल्यांत भरा. तीन तशाच ठेवा, तिघींत लिटरला ५०० मायक्रोग्रॅम नत्र, तिघींत ५० मायक्रोग्रॅम स्फुरद आणि तिघींत दोन्ही घाला. तळ्यातच उथळ खोलीवर टांगून चार-पाच दिवसांनी क्लोरोफिल मोजा.

मात्र नत्राचा तुटवडा दिसला म्हणून नत्र कमी करण्याच्या मागे लगेच लागू नका. काही निळी-हिरवी शेवाळं हवेतलं नत्र स्थिर करतात. कॅनडातल्या ऑन्टारियो प्रांतातल्या प्रायोगिक सरोवरांपैकी २२६ क्रमांकाच्या सरोवरात १९७३ मध्ये मधोमध पडदा लावून दोन्ही भागांत कार्बन आणि नत्र घातलं, एका भागात स्फुरदही घातलं. स्फुरद मिळालेला भागच हिरवा झाला. गोड्या पाण्यात स्फुरदाला हात घातल्याशिवाय सहसा सुटका नाही. नत्राचं काय करायचं, हा समुद्राकडे वाहणाऱ्या नद्या आणि खाड्यांच्या बाबतीत जास्त जळता प्रश्न आहे.

येणारा भार

तळ्यातली तीव्रता म्हणजे परिणाम. कारण शोधायचं तर प्रत्येक नाल्यातून रोज किती किलो येतं ते काढा:

भार (किलो प्रति दिवस) = प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद) × तीव्रता (मिलिग्रॅम प्रति लिटर) × ८६.४

प्रवाहासाठी सरळ, समान रुंदीचा १० मीटरचा पट्टा निवडा आणि अर्धवट बुडणारी वस्तू सोडून वेळ घ्या. २५ सेकंद लागले तर पृष्ठभागाचा वेग ०.४, खाली पाणी हळू असतं म्हणून ०.८५ ने गुणून ०.३४ मीटर प्रति सेकंद. रुंदी १.२ मीटर, सरासरी खोली ०.२५ मीटर, म्हणजे प्रवाह ०.१०२ घनमीटर. एकूण स्फुरद ०.८ मिलिग्रॅम असेल तर रोजचे सुमारे ७ किलो. लहान नाल्यावर ९० अंशांची व्ही-आकाराची खाच बसवता आली तर जास्त अचूक: प्रवाह (घनमीटर प्रति सेकंद) = १.३८ × खाचेवरच्या पाण्याच्या उंचीचा (मीटरमध्ये) २.५ वा घात. खाचेवरून २० सेंटीमीटर पाणी वाहत असेल तर सेकंदाला सुमारे २५ लिटर.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे फक्त कोरड्या दिवशी मोजणं. शेतातलं आणि उघड्या जमिनीवरचं स्फुरद मातीला चिकटून पुराच्या पाण्यात येतं, आणि वर्षाच्या भाराचा मोठा वाटा मोजक्या मोठ्या पावसांत येऊन जातो. पाणी चढत असताना आणि उतरत असताना वेगवेगळे नमुने हवेत, कारण चढत्या पाण्यात गाळ जास्त असतो. याउलट सांडपाण्याचा भार रोज सारखा असतो, त्यामुळे उन्हाळ्यात प्रवाह आटला की तीव्रता वाढते. प्रवाह वाढला की तीव्रता वाढते, की घटते? या एका प्रश्नावरून स्रोत शेतजमीन आहे की गटार, याचा पहिला अंदाज येतो.

जमाखर्च जुळतो का ते पाहायला एक साधं सूत्र आहे. आत येणाऱ्या पाण्यातली स्फुरदाची सरासरी तीव्रता घ्या. (प्रवाहाच्या प्रमाणात काढलेली, साधी सरासरी नको.) तिला १ अधिक ‘पाणी तळ्यात किती वर्षं थांबतं त्याचं वर्गमूळ’ याने भागा. पाणी वर्षभर थांबत असेल तर तळ्यात येणाऱ्याच्या निम्मी तीव्रता अपेक्षित. प्रत्यक्षात ती खूप जास्त असेल तर एखादा नाला नजरेतून सुटला आहे, किंवा स्फुरद तळातून वर येत आहे.

तळाचा गाळ

तळाजवळ प्राणवायू संपला की गाळातल्या लोहाने धरून ठेवलेलं फॉस्फेट सुटतं. वरच्या पाण्यात स्फुरद ४० आणि तळाशी ३०० मायक्रोग्रॅम, प्राणवायू शून्य, पाण्याला कुजक्या अंड्यासारखा वास, असं चित्र दिसलं तर बाहेरून येणारं सगळं बंद केलं तरी काही वर्षं शेवाळ येत राहू शकतं. हे पकडण्यासाठी वरचं उबदार आणि खालचं गार पाणी यांचे थर मोडून पाणी उलटण्याच्या आधीची फेरी चुकवू नका, कारण तळात सगळ्यात जास्त स्फुरद तेव्हाच साठलेलं असतं. उथळ तळ्यात थर टिकत नाहीत, तिथे प्रत्येक जोराचा वारा गाळ ढवळतो. अशा ठिकाणी वाऱ्यानंतरच्या दिवशी मुद्दाम एक नमुना घ्या.

साय दिसली तर

हिरव्या रंगासारखी किंवा वाटाण्याच्या पिठल्यासारखी दाट साय आली तर आधी जनावरं आणि मुलं पाण्यापासून दूर ठेवा. पारदर्शक बरणी पाऊणभर भरून रात्रभर फ्रिजमध्ये न हलवता ठेवा. हातमोजे घालून. सकाळी थर वर तरंगत असेल तर ते निळं-हिरवं शेवाळ असण्याची शक्यता बरीच. खाली बसला असेल तर साधं हिरवं. काठीने उचलल्यावर केसांसारखे लांब धागे लोंबत असतील तर बहुधा तंतुमय हिरवं शेवाळ. या चाचण्यांवरून विष आहे की नाही ते कळत नाही. त्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि मायक्रोसिस्टिनची (निळ्या-हिरव्या शेवाळाच्या एका विषाची) चाचणी हवी. पिण्याच्या पाण्यात आयुष्यभरासाठी लिटरला १ मायक्रोग्रॅम आणि पोहण्याच्या पाण्यात २४ मायक्रोग्रॅम, या जागतिक आरोग्य संघटनेच्या मर्यादा आहेत. मायक्रोसिस्टिन उकळून नष्ट होत नाही. साय मारायला मोरचूद टाकण्याचा मोह आवरा. पेशी फुटतात आणि आतलं विष एकदम पाण्यात उतरतं.

वर्षावर्षांची तुलना करताना तेच महिने, तीच खोली, तीच पद्धत ठेवा, आणि पाऊस कमी-जास्त पडलेली वर्षं वेगळी ओळखून ठेवा. प्रयोगशाळा किंवा पद्धत बदलावी लागली तर निदान सहा फेऱ्या जुन्या आणि नव्या, दोन्हीकडे सारखेच नमुने द्या. नाहीतर आलेखातली उडी तळ्याची आहे की यंत्राची, ते नंतर कोणालाच सांगता येत नाही.